गोठा कधी भरायचा?

९ फेब्रुवारी २०२३

ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावरचं मिसिंग लोकांचं गाव. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल काल आला: आफ्रिकन स्वाइन फीवर. वाट पाहत होतो ती फक्त कागदाची. १०६ अंशांच्या वर ताप, जांभळे पडलेले कान, खाणं बंद, चार-पाच दिवसांत मरण. चिरल्यावर दिसते ती फुगून तिप्पट झालेली काळी प्लीहा, बोट लावलं तर फाटेल अशी. परळला शिकत होते तेव्हा डुकरांचा ताप म्हणजे क्लासिकल स्वाइन फीवर, एवढंच डोक्यात होतं. हा आफ्रिकेचा ताप परीक्षेपुरता वाचलेला. नावं सारखी असली तरी दोन्ही विषाणूंचं एकमेकांशी काही नातं नाही. पहिल्याला लस आहे, याला इथे नाही. औषध कुठेच नाही.

माणसाला हा रोग होत नाही, हे आज दारोदार सांगत फिरले. लोक मान डोलावतात आणि मुलांना आत ओढतात.

गावात चर्चा भरपाईची. ती मिळते सरकारने मारलेल्या जनावरांची. त्याआधी रोगाने मेलेल्यांची नाही. हा नियम लिहिणाऱ्याने घरी डुक्कर पाळलेलं नसावं. आजारी जनावर मरायच्या आत विकून टाका, असा सल्लाच झाला तो.

एका बाईंनी मात्र वेगळं विचारलं. मी त्यांना बाइदेउ, म्हणजे ताई, म्हणते आणि त्या मला. वयाने मी धाकटी, पण हातात थर्मामीटर असला की इथे कुणीही बाइदेउ होतं. त्यांच्या दोन डुकरिणी गेल्या, पिल्लंही गेली. थोरलीची कॉलेजची फी त्या पिल्लांवर निघायची. धुतलेल्या रिकाम्या डोणीकडे बघत त्या म्हणाल्या, ‘‘परत कधी ठेवायची? ते इथे किती दिवस राहतं?’’

बघून सांगते म्हटलं.

१० फेब्रुवारी

नियम असा: रोग सापडलेल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायची, १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. मारण्याबद्दल इथे लिहीत नाही.

खड्ड्याबद्दल लिहिते, कारण अर्धा दिवस त्यात गेला. पहिल्या जागी पुरुषभर खणायच्या आत पाणी लागलं. नदीकाठचं गाव, दुसरं काय होणार. मग शाळेमागच्या उंचवट्यावर जागा धरली. खाली चुना, वर चुना, त्यावर माती, वर काटेरी झुडपं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

जमिनीचा प्रश्न मात्र तेवढ्याने मिटत नाही. २०२० साली जर्मनीतल्या फ्रीडरिश लोफ्लर संस्थेच्या लोकांनी रोगी जनावरांचं रक्त वेगवेगळ्या मातींत मिसळून पाहिलं. निर्जंतुक केलेल्या वाळूत विषाणू तीन आठवडे तरी जिवंत सापडला. समुद्रकाठच्या वाळूत दोन आठवड्यांपर्यंत, अंगणातल्या मातीत आठवडाभर, दलदलीच्या मातीत तीन दिवस. जंगलातल्या आम्लधर्मी मातीत तर तो मिळालाच नाही. तोच विषाणू, तेच रक्त, फरक फक्त मातीचा. आम्ही उभे होतो ती जमीन म्हणजे ब्रह्मपुत्रेने आणून टाकलेली वाळू आणि गाळ. इथल्या वाळूत दुसरे असंख्य जंतू नांदत असतात, त्यामुळे तीन आठवड्यांचा आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही, पण दलदलीच्या तीन दिवसांवर विसंबून राहायचीही सोय नाही. त्याच प्रयोगात विरवलेल्या चुन्याने विषाणू साफ निष्क्रिय झाला होता. खड्ड्यावर आज एक पोतं चुना जास्तीचा ओतून घेतला. हिशेबात तो कुठे दाखवायचा ते उद्या बघू.

पुरलेलं पुन्हा वर येईल का, अशी शंका सरपंचांसारख्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी काढली. इथे त्यांना गाँवबूढ़ा म्हणतात. लिथुएनियात काही वर्षांपूर्वी रानडुकरं पुरलेल्या जागा पुन्हा उकरून पाहिल्या होत्या. विषाणूची जनुकीय खूण काही ठिकाणी मिळाली, पण जिवंत विषाणू एकाही जागी मिळाला नाही. हे ऐकून ते म्हणाले, ‘‘त्यांच्याकडे पूर येतो का?’’ प्रश्न बरोबर आहे.

१२ फेब्रुवारी

बाइदेउंना आकडा द्यायचा म्हणून रात्री बसून टाचणं चाळली. आकडे भरपूर आहेत, तीच तर अडचण.

खोलीच्या तापमानाला विष्ठेत ११ दिवस. कुजलेल्या रक्तात १५ आठवडे. घाण झालेल्या गोठ्यात महिनाभर. ४ अंश सेल्सियसला ठेवलेल्या रक्तात १८ महिने. मांसाचं तर विचारूच नका: धुरी दिलेल्या हाडाविना मांसात ३०, शीतपेटीतल्या मांसात ११०, खारवलेल्यात १८२, वाळवलेल्यात ३००, आणि गोठवलेल्यात १००० दिवस. शिजवलेल्या मांसासमोर, म्हणजे ७० अंशांवर अर्धा तास ठेवलेल्या, तेवढं शून्य.

ही यादी जगभरच्या माहितीपत्रकांत फिरते. तिच्यातले आकडे एका प्रयोगातले नाहीत. कुणी रक्ताची बाटली फ्रीजमध्ये ठेवली, कुणी हॅम टांगलं, कुणी शेण डब्यात भरलं. इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली जॉर्जियातल्या विषाणूवर जास्त नेटका हिशेब मांडला. ४ अंशांवर विष्ठा सुमारे साडेआठ दिवस आणि लघवी पंधरा दिवस संसर्गजन्य राहते; ३७ अंशांवर विष्ठा पावणेचार दिवस आणि लघवी तीन दिवसांच्या आत संपते. म्हणजे आसामातल्या जुलैचं उत्तर वेगळं आणि फेब्रुवारीचं वेगळं. सध्या इथे पहाटे मला दोन गोधड्या लागतात.

यादी पुन्हा वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. शेणात दिवस, रक्तात महिने, मांसात वर्षं. थंडावा, मीठ, वाळवण, बर्फ: मांस नासू नये म्हणून माणसाने हजारो वर्षांत जे जे शोधलं, त्यातल्या बहुतेक गोष्टींनी हा विषाणूही नासत नाही. आपण आपली बेगमी करतो आणि त्याचीही होते. उघड्यावर, उन्हात, घाणीत तो बिचारा लवकर मरतो. फडताळात मात्र मजेत राहतो.

बाइदेउंनी विचारलंय गोठ्याबद्दल. मला आता त्यांच्या स्वयंपाकघराची काळजी वाटायला लागली आहे.

१५ फेब्रुवारी

आज आली आये लिगांग. फागुनातल्या पहिल्या बुधवारी मिसिंग लोक पेरणीला सुरुवात करतात. नाच, आपोंग म्हणजे तांदळाची दारू, आणि डुकराचं मांस. या वर्षी विक्रीवर बंदी. पंगतीत कोंबडी आणि मासे होते. म्हातारी मंडळी तोंडदेखलं जेवली.

चांगघरात पहिल्यांदाच निवांत बसले. बांबूच्या खांबांवर उचललेलं घर, खाली जनावरं, वर माणसं. चुलीच्या वर टांगलेली मांडवी असते, तिला धोंवाचांग म्हणतात. मासे, मांस, मिरच्या, बियाणं, सगळं तिथे धुराला. मी वर पाहिलं तसं बाइदेउंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, ‘‘ते जानेवारीतलं आहे. माघ बिहूचं. तेव्हा सगळं चांगलं होतं.’’

माघ बिहूला चांगलं होतं की नव्हतं, हे कुणी सांगावं? जनावर वरून ठणठणीत दिसत असताना कापलं गेलं असेल आणि रोगाचा पहिला-दुसरा दिवस असेल, तर विषाणू मांसात असणारच. मी म्हटलं, शिजवून खा, तुम्हाला काही होणार नाही. पण हाडं, धुतलेलं पाणी, उष्टं काहीही खाली जाऊ देऊ नका. त्या म्हणाल्या, ‘‘खाली आता आहे कोण खायला?’’

परतताना आमचे फील्ड असिस्टंट (सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही) २०२० ची गोष्ट सांगत होते. भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो त्या वर्षी, अरुणाचल आणि आसामात. मे महिन्याच्या सुरुवातीला आसाम सरकारने जाहीर केलं तेव्हा ३०६ गावांत मिळून अडीच हजार डुकरं मेली होती. टाळेबंदी चालू. माणसं घरात आणि नदीत डुकरांची प्रेतं. माजुलीला लागली, काझीरंगाजवळ लागली. काझीरंगाच्या अगोरातोली भागात वनखात्याने रानडुकरं गावाकडे येऊ नयेत म्हणून चर खणला. पुरून टाकायला माणूस नाही आणि जागा नाही, म्हणून लोकांनी नदीला दिली. दादा म्हणाले, ‘‘नदीने पुढच्या गावाला दिली.’’

असंच समुद्रानेही केलं आहे. २०१८ च्या ३१ डिसेंबरला तैवानच्या ताब्यातल्या किनमेन बेटाच्या किनाऱ्यावर एक मेलेलं डुक्कर वाहत आलं. तपासणीत हाच विषाणू निघाला. चीनमध्ये रोग ऑगस्टमध्ये जाहीर झाला होता, आणि किनमेनहून चीनचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

१९ फेब्रुवारी

गोठे धुणं चालू आहे. सोपं वाटतं ते काम.

कॉस्टिक सोडा, ब्लीचिंग पावडर, फॉर्मेलिन, आयोडीनची औषधं, सगळ्यांनी हा विषाणू मरतो. हजारात आठ भाग सोड्याच्या पाण्याने अर्ध्या तासात. पण हे काचेच्या भांड्यातलं झालं. शेण आणि रक्ताचा थर असला की ब्लीचची ताकद त्या थरातच संपते. विषाणू आम्लात किंवा अल्कात किती तग धरतो हे मोजताना रक्तद्रव घातलं नि न घातलं असे दोन प्रयोग करतात. १३.४ पीएचला, म्हणजे कातडी सोलून काढणाऱ्या अल्कात, रक्तद्रव नसेल तर तो २१ तासांपर्यंत टिकतो. असेल तर सात दिवस. म्हणून आधी खरवडायचं, मग साबणाने घासायचं, वाळू द्यायचं, आणि त्यानंतर औषध. पोरांना थेट औषध मारायची घाई. पाठीवर पंप लावला की सरकारी काम केल्यासारखं वाटतं.

सिमेंटची जमीन असली तर जमतं. इथे बांबू, लाकूड आणि माती. बांबूच्या पेरांत, लाकडाच्या भेगांत काय राहिलंय ते ना ब्रश सांगणार ना पंप. अशा वेळी पुस्तक सांगतं, जाळून टाका. बाइदेउंच्या गोठ्याचा बांबू जाळला. वरची वीतभर माती काढून चुन्यात पुरली. राहिली लाकडी डोण. ती फणसाच्या अखंड खोडाची, त्यांच्या सासऱ्यांनी कोरलेली. मी काही बोलायच्या आत त्यांनीच ती ढकलत आगीत नेली. दादांनी थांबवायचा प्रयत्न केला, सोड्याने धुऊ म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

आवरण असलेले विषाणू सहसा नाजूक असतात. करोनाला साबण पुरत होता ते त्यामुळेच: आवरण विरघळलं की खेळ खलास. हा गडी निराळा. २०१९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी त्याची रचना उलगडली तेव्हा कांद्यासारखे एकात एक पाच थर निघाले. बाहेरचं आवरण गेलं तरी आतला ऐवज संसर्ग करू शकतो. शिवाय आकाराने अवाढव्य, जनुकीय मजकूर डीएनएत लिहिलेला, लांबीला १,७०,००० अक्षरांच्या पुढे. त्याच्या कुळात दुसरा कुणी सदस्य माहीत नाही.

२ मार्च, गुवाहाटी

प्रयोगशाळेत परत. गोठ्यांतून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यांचे निकाल आले. काही पीसीआरला पॉझिटिव्ह. फोनवर हे सांगताना मला शब्द जुळवावे लागले, कारण गावात ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काय हे गेल्या तीन वर्षांत सगळ्यांना फार चांगलं कळलं आहे.

पीसीआर विषाणूचा डीएनए शोधतो. तो जिवंत विषाणूचा की मेलेल्याचा, हे त्याला कळत नाही. पिरब्राइटच्याच प्रयोगात विष्ठेतल्या डीएनएला अर्धं व्हायला आठ-नऊ दिवस लागत होते. संसर्गाची ताकद मात्र दिवसाच्या आत अर्धी होत होती. म्हणजे विषाणू मेल्यावरही त्याची खूण कितीतरी दिवस यंत्राला दिसत राहते. जिवंत आहे का हे बघायचं तर डुकराच्या ताज्या रक्तातल्या पेशी वाढवाव्या लागतात आणि त्यांत नमुना सोडावा लागतो. विषाणू असला तर तांबड्या पेशी त्या पेशींभोवती गोळा होऊन चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली फूल उमलल्यासारखी दिसते ती खूण. त्यासाठी उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते, वेळ लागतो, पैसा लागतो. गावोगावच्या गोठ्यांसाठी हे होणार नाही.

एवढं सगळं सांगितल्यावर दादा म्हणाले, ‘‘म्हणजे मशीन पॉझिटिव्ह म्हणतंय, पण नसेलही.’’ हो. ‘‘आणि निगेटिव्ह म्हटलं तर?’’ तर कापूस फिरवला त्या जागी नव्हता.

दादा हसत नाहीत सहसा.

१० मार्च

चाळीस दिवसांचा नियम आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात तो लिहिलेला होता: शेवटची सफाई आणि निर्जंतुकीकरण झाल्यावर निदान ४० दिवस गोठा रिकामा. आम्हीही त्याच्याच आधाराने बोलतो.

त्याच निर्देशात पुढे एक कलम होतं: गोचीड गुंतलेले असतील तर निदान सहा वर्षं.

सहा वर्षं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापखान्याची चूक वाटली होती. पण त्यामागे पोर्तुगाल आहे. १९५७ साली हा रोग आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा लिस्बनला उतरला. विमानातलं उरलंसुरलं खाणं विमानतळाजवळच्या डुकरांना घातलं गेलं, असं मानतात. तेव्हा दडपला गेला, १९६० मध्ये परत आला, आणि मग स्पेन-पोर्तुगालला तो निपटायला नव्वदचं दशक उजाडलं. अलेंतेजू भागातल्या जुन्या दगडी गोठ्यांच्या फटींत मऊ पाठीचे गोचीड राहतात. डुकरं हलवल्यानंतर पाच वर्षं आणि तीन महिन्यांनी पकडलेल्या गोचिडांतही जिवंत विषाणू मिळाला. डुक्कर नाही, रक्त नाही, मांस नाही. नुसती भिंत आणि तिच्यातला उपाशी गोचीड.

विषाणूचं मूळ घरही गोचीडच. १९२१ साली माँटगोमेरी नावाच्या पशुवैद्याने केनियातल्या या रोगाचं पहिलं वर्णन छापलं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणलेली डुकरं पटापट मरत होती आणि रानातल्या वॉर्टहॉग डुकरांना काही होत नव्हतं. बिळातला गोचीड आणि वॉर्टहॉग यांचं आपसात केव्हाचं जमलेलं. मध्ये पाहुणी डुकरं आली आणि मेली.

२००७ पासून जॉर्जियातून पसरलेल्या आताच्या साथीला गोचिडांची गरज फारशी लागलेली नाही. पोती बंदरात जहाजावरच्या खरकट्यातून ती आली, असा अंदाज आहे. तिथून रशिया, २०१४ मध्ये बाल्टिक देश आणि पोलंड, २०१८ मध्ये चीन. बाल्टिकमधल्या थंडीत रानडुकराचं प्रेत महिनोन्महिने जसंच्या तसं पडून राहतं आणि दुसरी रानडुकरं येऊन त्याला हुंगतात. आपल्याकडे प्रेत आठवड्यात संपतं. उकाडा, किडे, घारी, कोल्हे. या एका बाबतीत आसामचा उन्हाळा आमच्या बाजूचा.

मानसच्या गवतात राहणाऱ्या पिग्मी हॉगचं मात्र कायम दडपण असतं. वीत-दीड वीत उंचीचं, जगातलं सर्वांत छोटं डुक्कर, रानात मोजकीच उरलेली. त्यांच्यात हा रोग शिरला तर काय, या प्रश्नावर बैठकीत सगळे एकदम गप्प होतात आणि कुणीतरी चहा मागवतो.

२६ मार्च

सावंतवाडीच्या शाळेतली मैत्रीण, आता म्हापशाला असते. तिचा निरोप: ‘‘तू त्या डुकरांच्या रोगात आहेस ना? आमच्या चोरिसाचं काय?’’ तिची शेजारीण पावसाळ्याच्या पुरुमेंतासाठी, म्हणजे बेगमीसाठी, चोरिस करते. मांसाचे बारीक तुकडे, मीठ, मिरची, मसाला, विनेगार. आतड्यात भरून उन्हात माळा.

रविवार होता, सविस्तर लिहिलं तिला. खाणाऱ्याला काही होत नाही, निर्धास्त खा. मग प्रयोगांचं सांगितलं. इटलीतल्या पार्मा हॅममध्ये, म्हणजे अख्ख्या मांडीत, विषाणू ३९९ दिवसांपर्यंत टिकतो असं धरतात. स्पेनच्या सेरानो हॅमला १४० दिवस. पण सलामी आणि पेपरोनीत मसाला कालवल्यावर तो होता, महिनाभराच्या वाळवणीनंतर मात्र सापडला नाही. बारीक तुकडे, आंबटपणा आणि वाळवण एकत्र आली की त्याचं कठीण होतं. गोव्याच्या चोरिसावर असा प्रयोग मी वाचलेला नाही, तेव्हा त्याला प्रमाणपत्र देणार नाही. पण जातकुळी हॅमपेक्षा सलामीच्या जवळची.

आणि हेही लिहिलं की माळेतला एखादा तुकडा, शिजवल्याशिवाय, परसातल्या डुकरापुढे टाकू नको. सगळ्या जगात हा रोग पसरला तो असाच. जपानच्या चुबू विमानतळावर २०१९ च्या जानेवारीत चीनहून आलेल्या प्रवाशांकडचे सॉसेज जप्त झाले होते. दोन सॉसेजमधून जिवंत विषाणू वाढवता आला. सामानात दडवून आणलेलं घरचं खाणं! परदेशातल्या लेकाला आईने बांधून दिलेलं असेल ते, कुणी सांगावं.

तिचं उत्तर: ‘‘बरं. आणि तू कधी येतेस?’’

८ एप्रिल

पुन्हा गावात. चाळीस दिवस उलटून गेले. खड्ड्याची जागा ठीक आहे, कुत्र्यांनी उकरलेलं नाही. दुपारी ३३ अंश. गोठ्याच्या मोकळ्या जागेवर ऊन सरळ पडतं, बांबू जाळल्यामुळे छप्परच नाही.

बाइदेउंना आज उत्तर दिलं. महिना तर झालाच, नियमाचे चाळीसही झाले, वर ऊन मिळालं, माती काढली, लाकूड जाळलं. गोठ्यात तो असण्याची शक्यता फार थोडी. तरी एकदम भरू नका. आधी दोन पिल्लं सोडा, त्यांना सगळीकडे हुंगू द्या, उकरू द्या. चाळीस दिवस बघू, रक्त तपासू, मग बाकीची.

‘‘म्हणजे ती दोन मरायला सोडायची,’’ त्या म्हणाल्या.

अशा आधी सोडलेल्या जनावरांना सेंटिनेल, म्हणजे पहारेकरी, म्हणतात. त्या शब्दाचा याहून स्वच्छ अर्थ मला कुठल्या मॅन्युअलमध्ये दिसलेला नाही. आणि त्या दोघांचे पैसे कोण देणार, याला आमच्याकडे उत्तर नाही. मोठ्या फार्मवाल्याला दोन पिल्लांचं काही नसतं. इथे ती दोन म्हणजे निम्मं भांडवल.

शेजारच्या घरी मात्र मार्चमध्येच चार पिल्लं आली आहेत. बाजारातून, कुठली ते ठाऊक नाही. मालक म्हणाला, फी भरायची होती, वाट बघून कोण देणार? त्याला ओरडायचा अधिकार दादांनी वापरला. मी गप्प बसले. पिल्लं अजून तरी धडधाकट आहेत. त्याच्या गोठ्यातला विषाणू बहुधा उन्हानेच संपला असेल. त्याने आणलेल्या पिल्लांबरोबर नवा आला नाही, हे नशीब.

१९ एप्रिल

रोंगाली बिहू उरकला. बाइदेउंच्या घरी पिल्लं आली, दोन. पैसे त्यांच्या बचतगटाने उसने दिले, पिल्लं मेली तर निम्मे माफ या बोलीवर. कुठल्या योजनेत नव्हतं ते बायकांनी एका संध्याकाळी ठरवून टाकलं. पिल्लं आम्ही सुचवलेल्या, रोग नसलेल्या भागातल्या गोठ्यातून आणली, आधी रक्त तपासून. नवी डोण सिमेंटची, शाळेच्या कट्ट्याच्या उरलेल्या मालातून.

दाराशी चुन्याचं घमेलं ठेवलं आहे, पाय बुडवून आत यायला. पाहुणे त्याला वळसा घालून येतात.

३० मे

दोन्ही पिल्लांचं रक्त निगेटिव्ह. वजन वाढलंय. पावसाला सुरुवात झाली आहे, नदी फुगते आहे, त्यामुळे बाकीची पिल्लं आत्ता आणायची की पूर ओसरल्यावर, यावर घरात दोन मतं आहेत. पूर वरच्या गावांतून काय आणेल याचा भरवसा नाही. मी पूर ओसरल्यावरच्या बाजूची.

आज मुख्य बोलणं झालं ते खरकट्यावर. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो: डुकरांना घालायचं खरकटं निदान ९० अंशांवर, निदान तासभर, सतत ढवळत तापवलं पाहिजे. तांदळाचं धुवण, भाज्यांची देठं, हॉटेलातून आणलेलं उष्टं, सगळं एका पिंपात. बाइदेउंनी लाकडाचा हिशेब मांडला. रोज तासभर पिंप उकळायचं तर महिन्याची लाकडं किती, ती फोडणार कोण, पावसाळ्यात ओली लाकडं पेटणार कशी. पिल्लू विकून येणाऱ्या पैशातले एवढे लाकडांत गेले तर उरलं काय?

मग म्हणाल्या, हॉटेलचं बंद. भाताचा कोंडा, अळू, केळीचं खोड, घरची तांदळाची दारू गाळून उरलेला चोथा. डुकरं सावकाश वाढतील. वाढू देत.

दादांनी विचारलं, सावकाश म्हणजे किती महिने जास्त? त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, ‘‘दोन. फी डिसेंबरात भरायची आहे, तोवर होतात.’’